महामार्गाच्या बांधकामावरचं नेटवर्क: आखणीपासून कॅम्प हलवेपर्यंत

कार्यालयात नेटवर्क एकदा बसवलं की भिंती जागच्या हलत नाहीत. महामार्गाच्या कामावर जमीनच हलते. आज ज्या खांबावरून पलीकडचा खांब स्वच्छ दिसतो, तिथे चार महिन्यांनी मध्ये आठ मीटरचा भराव उभा असतो. ज्या पट्ट्यात केबल पुरली, नेमकी तिथूनच गटाराची खोदाई निघते. साइट लांबीला पन्नास-साठ किलोमीटर आणि रुंदीला रस्त्याच्या हद्दीएवढी, त्यामुळे मध्ये एका ठिकाणी तुटलं तर पुढचं सगळं अंधारात जातं. म्हणून आखणीच दोन गोष्टी गृहीत धरून करायची: लिंक तुटणार आहे, आणि ती तुटली तरी वजनकाट्यावरची गाडी थांबता कामा नये.

आधी कामाचा कार्यक्रम वाचा, मग उपकरणांची यादी

पहिला कागद नेटवर्कचा नाही, बांधकामाच्या वेळापत्रकाचा. प्लॅनिंग विभागाकडून चेनेजवार (चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) कार्यक्रम घ्या आणि प्रत्येक ठिकाणासाठी पाच गोष्टी लिहून काढा: चेनेज आणि बाजू (डावी की उजवी), किती महिने राहणार, माणसं किती, कोणती यंत्रणा जोडायची, आणि जोडणी किती वेळ गेली तर चालेल. ठिकाणं ठरलेलीच असतात: मुख्य कॅम्प, प्रयोगशाळा, बॅचिंग प्लांट, हॉट मिक्स प्लांट, क्रशर, कास्टिंग यार्ड, भांडार, डिझेल पंप, मोठे पूल, सुरक्षा नाके आणि कामगार वसाहत.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सहसा कुणी विचारत नाही. वजनकाट्याची नोंद मुख्य सर्व्हरला दुसऱ्या दिवशी पोचली तरी चालतं, पण काट्यावरचा संगणक एक मिनिटही अडून चालत नाही. सर्व्हेच्या आरटीके दुरुस्ती-संदेशांचं, म्हणजे जीपीएसची जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक करणाऱ्या संदेशांचं, उलटं आहे. त्यांचा आकार इवलासा, सेकंदाला फार तर एक-दोन किलोबाइट, पण ते काही सेकंद उशिरा आले की ग्रेडरचं (जमीन समतल करणाऱ्या यंत्राचं) ब्लेड चुकीच्या पातळीवर चालायला लागतं. कॅमेऱ्याचं चित्रण जागेवर साठत असेल तर कॅम्पमधून ते तासभर दिसलं नाही म्हणून बिघडत नाही. हा रकाना भरला की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं.

डेटाचा हिशेब कॅमेऱ्यापासून सुरू करा

साइटवरची बँडविड्थ माणसं खात नाहीत, कॅमेरे खातात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत साधारण २ एमबीपीएस घेतो असं धरा. दिवसाला २१.६ जीबी, तीस दिवसांना सुमारे ६५० जीबी. आठ कॅमेऱ्यांच्या नाक्याला महिन्याचं चित्रण ५.२ टीबी झालं. एवढं रेडिओ लिंकवरून मुख्य कॅम्पला ओढायचा विचारच सोडा. प्रत्येक ठिकाणी एनव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा रेकॉर्डर ठेवा, त्यात सीसीटीव्हीसाठीच्या हार्ड डिस्क घाला, आणि कॅम्पकडे फक्त २५६ ते ५१२ केबीपीएसचा हलका प्रवाह पाठवा. पूर्ण दर्जाचं चित्रण लागलं तर तेवढाच तुकडा मागवायचा.

ड्रोन सर्व्हे हा दुसरा खादाड. हजार फोटो, प्रत्येकी १० एमबी, म्हणजे १० जीबी. १० एमबीपीएसच्या अपलोडवर याला सव्वादोन तास लागतात, तेही दुसरं काहीच चालू नसेल तर. हे काम रात्री लावा आणि दिवसा त्याला वेगाची मर्यादा घाला. नकाशे आणि मॉडेलसाठी कॅम्पमध्ये एक फाइल सर्व्हर असू द्या आणि तो मुख्यालयाशी रात्री जुळवून घ्या. नाहीतर एकच ड्रॉइंग चाळीस इंजिनिअर सकाळी साडेनऊला चाळीस वेळा उतरवतात.

पत्ते असे द्या की फोनवर सांगता येतील

नेटवर्क पत्त्यात चार आकडे असतात. पहिला १०, दुसरा आकडा ठिकाणाचा, तिसरा व्हीलॅनचा, म्हणजे त्याच तारांवर वेगळ्या ठेवलेल्या जाळ्याचा. ठिकाण क्रमांक १४ चे कॅमेरे १०.१४.३०.०/२४ मध्ये. पत्ते वाया जातात, जाऊ द्या. रात्री दोन वाजता फोनवर पत्ता ऐकताच कुठलं उपकरण ते कळणं जास्त मोलाचं आहे. व्हीलॅन सगळीकडे सारखेच ठेवा: १० कार्यालय, २० प्लांटची नियंत्रण यंत्रणा, २५ वजनकाटा, ३० कॅमेरे, ४० फोन, ५० पाहुणे, ६० सर्व्हे, ९९ उपकरणांचं व्यवस्थापन. त्याआधी मुख्यालयाला त्यांच्याकडे १० ने सुरू होणारे कुठले पत्ते वापरात आहेत ते विचारा आणि मोकळा पट्टा लेखी घ्या. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या दोन जाळ्यांना हातही लावू नका. प्रत्येक उपठेकेदाराचा राउटर आणि घरून काम करणाऱ्यांचे राउटर तेच वापरतात, आणि मग व्हीपीएन (केंद्राशी जोडणारा खासगी बोगदा) जोडलेलं दिसतं पण काहीच उघडत नाही.

उपकरणाच्या नावात चेनेज घाला, पण तिथे थांबू नका. कामाच्या मध्यात चेनेजची फेरआखणी होते. म्हणून नोंदवहीत अक्षांश-रेखांशही हवेत.

बाहेरची जोडणी

मुख्य कॅम्पला फायबरची लीज्ड लाइन आणि तिच्या पाठीशी वेगळ्या मार्गाची दुसरी जोडणी, म्हणजे मोबाइल किंवा उपग्रह. दूरच्या ठिकाणी दोन कंपन्यांच्या सिमचा ४जी किंवा ५जी राउटर. दोन कंपन्या म्हणजे दोन मार्ग असं धरून चालू नका. दोघांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर किंवा मागची फायबर एकाच चरात असू शकते, आणि तो चर तुमचाच पोकलेन उकरतो. सिम घेण्याआधी जागेवर जाऊन मोजा: आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ९० डीबीएमपेक्षा चांगलं आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) १० डीबीच्या वर असेल तर काम होतं, आरएसआरपी उणे ११० च्या आसपास असेल तर दिशादर्शक अँटेना लागेल. कंटेनर म्हणजे लोखंडी डबा, राउटर आत ठेवला की सिग्नल मेला. छपरावर अँटेना लावून खाली लांब कोअॅक्स (अँटेनाची केबल) ओढण्यापेक्षा बाहेर बसणारा राउटरच अँटेनाशेजारी लावा आणि खाली नेटवर्क केबल आणा, कारण कोअॅक्समध्ये सिग्नल वाया जातो, नेटवर्क केबलमध्ये १०० मीटरपर्यंत काही वाया जात नाही.

मोबाइल जोडणीला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, म्हणून बाहेरून साइटकडे जोडणी करता येत नाही. बोगदा नेहमी साइटकडून केंद्राकडे उघडा. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरत असाल तर किपअलाइव्ह, म्हणजे बोगदा उघडा ठेवणारा संदेश, २५ सेकंदांचा ठेवा. मेल चालतो पण मोठी फाइल अडकते, किंवा लॉगिनचं पान अर्धवट उघडतं, असं झालं तर पहिला संशय एमटीयूवर (एका वेळी जाणाऱ्या डेटा-पुडक्याच्या कमाल आकारावर) घ्या आणि राउटरवर एमएसएस (पुडक्यातल्या डेटाची मर्यादा) कमी करून बघा.

मुख्य जोडणी गेली हे ओळखण्यासाठी शेजारच्या गेटवेला (पुढच्या पहिल्या राउटरला) पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते तपासणारा संदेश, करू नका. फायबर पुढे तुटली तरी गेटवे उत्तर देतच राहतो. इंटरनेटवरचे दोन वेगळे पत्ते तपासा, पाच-पाच सेकंदांनी तीन वेळा उत्तर नाही आलं की बदला, आणि परत येताना मात्र पाच मिनिटं लिंक स्थिर आहे याची खात्री करा. परतीची घाई केली तर जोडणी दिवसभर इकडून तिकडे उड्या मारते, आणि हा त्रास पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट.

रेडिओ लिंक: भराव आधी मोजा

दोन ठिकाणांमधल्या लिंकला डोळ्यांना खांब दिसणं पुरत नाही. सरळ रेषेभोवतीची अंड्यासारखी जागा, म्हणजे फ्रेनेल झोन, किमान ६० टक्के मोकळी लागते. मध्यावरची त्रिज्या मीटरमध्ये काढायची तर अंतर (किलोमीटर) भागिले चारपट वारंवारिता (गिगाहर्ट्झ), त्याचं वर्गमूळ, गुणिले १७.३२. पाच किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला हे ८ मीटर येतं, त्याचे ६० टक्के ४.८ मीटर. पृथ्वीच्या गोलाईचे या अंतरावर अर्धा मीटरही नाहीत. आता महामार्गाची खरी भर घाला: पूर्ण झालेला भराव ८ मीटर, आणि त्यावर हौदा उचलून माल ओतणारा डंपर अजून ७ मीटर. लिंक मध्यावर रस्ता ओलांडत असेल तर तिथे तिची उंची २० मीटरच्या वर हवी. भराव आजच्या जमिनीवरून नाही, अंतिम पातळीच्या नकाशावरून घ्या. क्रशरच्या खडीचे ढीग आणि गर्डर बसवणाऱ्या क्रेनचा पल्लाही त्याच नकाशावर काढा. शक्य असेल तर खांब रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे लिंक भराव ओलांडतच नाही.

मग अपेक्षित सिग्नल काढा. पाच किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेतली घट १२१.७ डीबी. अँटेनासकट प्रक्षेपण ३६ डीबीएम धरलं (ही कायदेशीर मर्यादा देशागणिक वेगळी असते, ती तपासा) आणि घेणारी डिश २५ डीबीआयची असली, तर ३६ वजा १२१.७ अधिक २५, म्हणजे उणे ६०.७ डीबीएम. हा आकडा कागदावर लिहून खांबावर चढा. डिश आडवी पूर्ण फिरवून शिखर शोधा, मग उभी. प्रत्यक्ष आकडा हिशेबापासून तीन-चार डीबीच्या आत आला तर बोल्ट आवळा. बारा-पंधरा डीबी कमी येऊन तिथेच शिखर सापडलं असेल, तर डिश मुख्य झोतावर नाही, त्याच्या बाजूच्या कमजोर झोतावर (छोट्या पाकळीवर) अडकली आहे. लिंक चालेल, पण पहिल्या जोरदार वाऱ्यात बंद पडेल. हा आकडा न काढता चढणारे लोक इथेच फसतात.

दोन्ही बाजूंना २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सुरुवात करा. वेग लागला तरच ४० करा. रुंद पट्टा म्हणजे शेजारचा गोंगाटही जास्त.

फायबर: केबल कुठे आहे यापेक्षा ती कधीपर्यंत सुरक्षित आहे ते बघा

तात्पुरती केबल रस्त्याच्या हद्दीच्या कडेला, भरावाच्या पायथ्यापलीकडे टाका. गटार, सर्व्हिस रोड आणि स्थलांतरित होणाऱ्या जलवाहिन्यांची जागा आधी नकाशावर रंगवून घ्या. नाले आणि वाहनांची वाट ओलांडताना जीआय पाइप, वर इशारा पट्टी. कायमस्वरूपी वाहतूक यंत्रणेसाठी टाकलेल्या रिकाम्या डक्ट बघून मोह होतो, पण अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यात काही सरकवू नका; हस्तांतरणाच्या तपासणीत डक्ट मोकळी दाखवावी लागते.

आठ किलोमीटरच्या लिंकचा हिशेब: १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डीबी, एकूण २.८; चार जोड प्रत्येकी ०.१, दोन कनेक्टर प्रत्येकी ०.५. झाले ४.२ डीबी. त्यात दुरुस्तीसाठी ३ डीबी राखा. प्रत्येक वेळी केबल तुटली की मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन जोड वाढतात. वर्षभरात पाच वेळा तुटली तर दहा जोड, आणि घाईत चिखलात केलेला जोड ०.१ चा नसतो.

तुटल्यावर ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तुटलेली जागा मोजणारं यंत्र) अंतर दाखवतो, ते काचेचं अंतर असतं, जमिनीचं नाही. समजा यंत्राने ७,४२० मीटर सांगितलं. दर किलोमीटरला जादा केबलचं १५ मीटरचं वेटोळं ठेवलं असेल तर सात वेटोळ्यांचे १०५ मीटर वजा. नळीच्या आतल्या पिळामुळे काच केबलपेक्षा थोडी लांब असते. ते दीड टक्का धरा. उरतात सुमारे ७,२०७. म्हणजे थेट ७,४२० वर जाऊन उकरणारी टोळी दोनशे मीटर चुकीच्या जागी घाम गाळते. बसवतानाच प्रत्येक वेटोळ्याचं चेनेज आणि केबलवर छापलेला मीटर आकडा नोंदवून ठेवा. तोच खरा नकाशा. आणि खोदाईच्या परवान्यावर नेटवर्क विभागाच्या सहीचा रकाना घालून घ्या. हे काम उपकरणांच्या खरेदीपेक्षा अवघड, पण सगळ्यात जास्त तुटणं यानेच टळतं.

वीज, अर्थिंग, धूळ

नेटवर्क बंद पडल्याची तक्रार आली की आधी विजेकडे बघा. जनरेटरच्या अदलाबदलीत व्होल्टेज उसळतं, म्हणून यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच घ्या. राउटर, पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीजही देणारा), तीन रेडिओ आणि एनव्हीआर मिळून २२० वॅट धरले, चार तासांना ८८० वॅट-तास. लेड-अॅसिड बॅटरी अर्धीच वापरायची आणि यूपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के, तर साठा सुमारे २,०७० वॅट-तास हवा. ४८ व्होल्टला ४३ अँपिअर-तास. बाजारात त्याच्या वरच्या मापाच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसरीत जोडा.

डोंगरावरच्या रिले खांबाला सौर वीज. २० वॅट सतत म्हणजे दिवसाला ४८० वॅट-तास, ढगाळ तीन दिवसांना १,४४०. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरली तर २४ व्होल्टला ७५ अँपिअर-तास. रोजची गरज भागवायला पावणेदोनशे वॅटचं पॅनेल पुरतं, पण रिकामी झालेली बॅटरी परत भरायची असेल तर ३०० च्या वर घ्या. क्रशरजवळच्या पॅनेलवर धुळीचा थर आठवड्यात बसतो. पुसण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लिहा.

दोन कंटेनरमध्ये तांब्याची केबल ओढू नका, मध्ये वीस मीटरच अंतर असलं तरी. दोन्हींचं अर्थिंग वेगळं, वीज जवळपास पडली की फरकाचं व्होल्टेज स्विचमधून जातं. तिथे फायबर आणि दोन टोकांना तांबं-फायबर जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर. खांबावरच्या रेडिओला शिल्डेड केबल, वर आणि खाली दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्टर, दोन्ही अर्थिंगला जोडलेले. नुसता लावलेला आणि न जोडलेला प्रोटेक्टर शोभेचा.

पंखा असलेलं कॅबिनेट क्रशरवर धूळ ओढायचं यंत्र बनतं. बंद आयपी६५ (धूळ आणि पाणी आत न येऊ देणारी) पेटी, बिनपंख्याचे औद्योगिक स्विच, पांढरा रंग आणि वर सावलीचा पत्रा. केबल खालूनच आत, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून, आणि आत जाण्याआधी एक लोंबता वळसा, म्हणजे पाणी तिथून खाली ठिबकेल.

प्लांट आणि वजनकाटा

इथे नियम एकच: लिंक नसताना पूर्ण दिवस काम झालं पाहिजे. नोंदी स्थानिक संगणकावर लिहायच्या आणि जोडणी आली की वर पाठवायच्या. काट्याच्या इंडिकेटरची आरएस-२३२ केबल साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे वजनाचे आकडे अधूनमधून तुटक येतात आणि दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर इंडिकेटरशेजारी लावा. बॅचिंग प्लांटचा पीएलसी (यंत्रं चालवणारा नियंत्रक) आणि त्याचा जुना विंडोज संगणक स्वतंत्र व्हीलॅनमध्ये, इंटरनेट बंद, यूएसबी बंद. दुरुस्तीवाल्या कंपनीला दूरस्थ प्रवेश हवा असतो, तो मागेल तेव्हा, ठरलेल्या तासांपुरता.

वेळ जुळवणं विसरू नका. एक एनटीपी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना एकच वेळ देणारा, कॅम्पमध्ये ठेवा आणि कॅमेरे, काटा, प्लांट, हजेरी यंत्र सगळ्यांना तोच द्या. बिलावरून वाद झाला की काट्याची पावती, प्लांटची बॅच आणि गेटचं चित्रण शेजारी ठेवलं जातं. त्यात अकरा मिनिटांचा फरक निघाला की तिन्ही पुरावे निकामी.

कुणाला काय दिसावं

भागीदार कंपन्या, उपठेकेदार, सल्लागार अभियंता आणि कामगार वसाहत यांना वेगवेगळी जाळी. वाय-फायला एकच पासवर्ड ठेवला तर तो आठवड्यात डंपरचालकांपर्यंत पोचतो. कर्मचाऱ्यांना स्वतःच्या खात्याने प्रवेश द्या आणि उपठेकेदाराच्या खात्याला त्याच्या कराराची अखेरची तारीखच मुदत म्हणून घाला. कॅमेऱ्यांचे मूळ पासवर्ड पेटीतून काढतानाच बदला.

देखरेख: आलेख काय सांगतो

प्रत्येक उपकरणाला मिनिटाला एकदा पिंग आणि एसएनएमपीने (उपकरणांची माहिती दुरून वाचण्याच्या पद्धतीने) रेडिओचा सिग्नल, पोर्टवरच्या चुका, बॅटरीचं व्होल्टेज. कोणतं उपकरण कोणामागे आहे ते देखरेखीच्या सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर एक खांब पडला की चाळीस संदेश येतात आणि खरा त्यात बुडतो.

आलेख वाचायला शिका. सिग्नल आठवड्यांत हळूहळू घसरतोय: भराव वर येतोय. एका रात्रीत दहा डीबी पडला आणि तिथेच थांबला: वाऱ्याने डिश हलली. ५ गिगाहर्ट्झची लिंक पावसात पडते: दोष पावसाचा नाही, एवढ्या अंतरावर त्या वारंवारितेला पाऊस फारसा अडवत नाही, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. ६० गिगाहर्ट्झची लिंक पावसात पडते: हे तिचं स्वाभाविक वागणं, पर्यायी मार्ग ठेवा. रेडिओ चालू केल्यावर मिनिटभर गप्प राहतो: आधी रडार आहे का ते ऐकावं लागणारा पट्टा निवडलाय, बिघाड नाही. बरोबर शिफ्ट बदलताना जोडणी जाते: कुणीतरी राउटरच्या प्लगवर चार्जर लावतोय.

सुटे भाग मुख्य कॅम्पमध्ये: जोडीने दोन रेडिओ, एक आधीच सेटिंग भरलेला राउटर, दोन पीओई स्विच, सहा पीओई अडॅप्टर, आठ एसएफपी (स्विचमध्ये बसणारे फायबरचे तुकडे-मॉड्यूल), सर्ज प्रोटेक्टरचं खोकं, ५०० मीटर फायबर, चार जोडपेट्या. सेटिंगची प्रत दर बदलानंतर काढा.

कॅम्प हलतो तेव्हा

आठवड्याच्या प्लॅनिंग बैठकीला नेटवर्कचा माणूस बसलाच पाहिजे, आणि सहा आठवडे पुढचं बघून. फायबरच्या परवानग्या आणि खांबाचा पाया सुकायला तेवढा वेळ लागतोच. लहान ठिकाणांचं सगळं सामान एका लोखंडी चौकटीवर बसवा: पेटी, यूपीएस, एनव्हीआर, घडीचा खांब. क्रेनने उचलून ट्रकवर ठेवलं, नव्या जागी अर्थिंग केलं, सिम लागलं की काम सुरू. हलवण्याआधी एनव्हीआर बंद करून डिस्क काढा आणि वेगळ्या न्या. खड्ड्यांच्या रस्त्यावर चालू डिस्क टिकत नाही.

जुनी जागा सोडताना सिम बंद करण्याचं पत्र त्याच दिवशी द्या, व्हीपीएनची किल्ली रद्द करा, पुरलेल्या केबलची नोंद 'मृत' म्हणून बदला, कारण पुढे कुणीतरी तीच जिवंत समजून जपत बसतं. काटा आणि प्लांटच्या नोंदींच्या दोन प्रती, एक जागेबाहेर, अंतिम बिल आणि दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत. वर्षभर पडून राहिलेली डिस्क सुरू होईलच असं नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी दोन्ही प्रती उघडून एखादा जुना दिवस वाचून बघा.